सिंटरक्लास आणि सांता एकाच घरात: डच-अमेरिकी सणांची सांगड कशी घालावी

ताई, बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही न्यू जर्सीत राहता. मुलगी तिथेच वाढली. थँक्सगिव्हिंगची टर्की आणि ख्रिसमसच्या सकाळी फायरप्लेसवर टांगलेले मोजे हे तिचं बालपण. जावई नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचा. दोघं आता मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला असतात, नाती सात आणि चार वर्षांच्या. नोव्हेंबरपासून नव्या वर्षापर्यंत दोन्ही देशांचे सण एकमेकांवर आदळतात आणि भेटवस्तूंचा ढीग होतो. पांढऱ्या दाढीचे आजोबा दोनदा का येतात, असं धाकटी विचारते. गेल्या वर्षी विहीणबाईंनी आणलेल्या एका चित्रांच्या पुस्तकावरून घरात वाद झाला. आता या सगळ्यात मराठी आजीने काय करावं?

मी नेदरलँड्समध्ये बरीच वर्षं मिश्र कुटुंबांबरोबर काम करते, आणि त्यांत डच-अमेरिकी जोडपी पुष्कळ असतात. त्यांच्या घरांत पाहून माझं मत पक्कं झालंय: सिंटरक्लास, म्हणजे डच मुलांना भेटी देणारा संत निकोलस, आणि सांता यांची भेसळ करू नका. दोघांना आपापली तारीख, आपापलं काम आणि आपापला खाऊ द्या. एकत्र आणायचं ते जेवणाच्या टेबलावर आणि हातांनी करायच्या कामांत. जिथे दोन्हीकडची फक्त खरेदी उचलली जाते, तिथे दुप्पट खर्च होतो आणि मुलांना दोन्हीपैकी एकही सण धड आठवत नाही.

आधी कॅलेंडर बघू, कारण बरीचशी कुरबुर तारखांची असते. सेंट मार्टिनचा दिवस ११ नोव्हेंबरला. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सिंटरक्लास स्पेनहून वाफेच्या बोटीतून नेदरलँड्सला पोचतो. राष्ट्रीय स्वागत दर वर्षी वेगळ्या गावात होतं आणि टीव्हीवर दाखवतात. मग ५ डिसेंबरपर्यंत त्याचा मुक्काम. ५ तारखेची संध्याकाळ म्हणजे पाक्येसआवोंड, भेटवस्तूंची संध्याकाळ. संत निकोलसचा खरा दिवस ६ डिसेंबर, पण डच घरांत सगळं आदल्या संध्याकाळीच उरकतं आणि सिंट गुपचूप परत जातो. थँक्सगिव्हिंग १९४१ च्या कायद्यानुसार नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे २२ ते २८ च्या मधला दिवस. याचा अर्थ, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सिंट आलेला असतो आणि त्याची मोठी संध्याकाळ एक-दोन आठवड्यांवर असते.

खटका उडतो तो ख्रिसमस ट्रीवरून. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग झालं की शुक्रवारपासून घरोघरी झाडं उभी राहतात. जुन्या वळणाच्या डच घरात सिंट देशात असेपर्यंत झाड आणणं बरोबर मानत नाहीत; पाहुणा घरात असताना दुसऱ्याच्या स्वागताची तयारी करू नये, असा तो भाव. इथे मी नेहमी डच बाजूने कौल देते. झाडासाठी दहा दिवस थांबल्याने अमेरिकी ख्रिसमसचं काही जात नाही, पण पाच तारखेच्या आधी कोपऱ्यात झाड चमकायला लागलं की सिंट बिचारा मुलांच्या नजरेतून उतरतो. मुलीला तो शुक्रवार फार प्रिय असेल तर त्या दिवशी घराबाहेरच्या माळा लावा, झाड विकत आणून गॅरेजमध्ये ठेवा आणि ६ डिसेंबरला आत घेऊन सजवा.

आता भेटवस्तू. सिंटच्या मुक्कामात मुलं झोपण्यापूर्वी फायरप्लेसपाशी किंवा दारापाशी बूट ठेवतात, त्यात घोड्यासाठी गाजर ठेवतात, गाणी म्हणतात. सकाळी गाजर गेलेलं असतं आणि बुटात एखादं संत्रं, मूठभर क्राउडनोटन (छोटी मसालेदार बिस्किटं), चॉकलेटचं नाणं. हे रोज करायचं नसतं, आणि परदेशातल्या घरांचं बिघडतं ते इथेच: बापाला आपलं बालपण भरभरून द्यायचं असतं, मग रोज रात्री बूट. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या वारी, एवढं पुरे. बुटात फक्त खायची वस्तू आणि २५ तारखेच्या मोज्यात फक्त छोट्या वापरायच्या वस्तू, असा साधा नियम करा. मोठी भेट प्रत्येकाकडून एकच: पाच तारखेला सिंटकडून एक, पंचवीसला सांताकडून एक. चार वर्षांच्या मुलीलाही हा हिशेब समजतो.

जाता जाता एक गोष्ट. खाण्याचे पदार्थ बुटात ठेवायचे हे आपल्या घरांत चटकन पचत नाही, आणि तुम्हाला ते खटकत असेल तर त्यात वावगं काही नाही. बऱ्याच डच घरांत लाकडी बूट, क्लोम्प, या एकाच कामासाठी जपून ठेवतात. तुमच्या मुलीच्या घरापासून तासाभराच्या आत हॉलंड नावाचं डच वस्तीचं गाव आहे. तिथे मुलींच्या मापाचे क्लोम्पेन मिळतील. एक जोडी घ्या, नावं रंगवा, बाकी वर्षभर कपाटात ठेवा.

फोनबद्दलही इथेच सांगते. मिशिगन आणि नेदरलँड्स यांच्यात सहा तासांचं अंतर आहे. उट्रेख्तला संध्याकाळी सातला पाक्येसआवोंड रंगते तेव्हा ग्रँड रॅपिड्सला दुपारचा एक वाजलेला असतो आणि मोठी शाळेत असते. म्हणून त्या संध्याकाळी दोन्ही घरं एकत्र आणायचा हट्ट नको. बूट उघडायची वेळ साधा: ग्रँड रॅपिड्सला सकाळचे सात म्हणजे उट्रेख्तला दुपारचा एक. विहीणबाई तिकडे असतील त्या वर्षी हा फोन त्यांचा.

पुस्तकाच्या वादाबद्दल तुम्ही दबक्या आवाजात लिहिलंय, पण मी त्यावर सविस्तर लिहिते, कारण गाठ तिथेच आहे. सिंटचा मदतनीस पीट. १८५० साली आम्सटरडॅमच्या यान स्खेन्कमन नावाच्या शिक्षकाने सिंटवर चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात वाफेची बोटही आहे आणि काळा नोकरही. पुढे शंभराहून जास्त वर्षं गोरी माणसं चेहरा काळा रंगवून, ओठ लाल करून, कुरळा टोप घालून पीट होत राहिली. डच मुलांना यात आनंद मिळाला हे खरं. त्याच चित्राने कृष्णवर्णीय डच मुलांना शाळेच्या आवारात चिडवलं गेलं, हेही खरं. या शतकाच्या दुसऱ्या दशकात देशभर मोठा वाद झाला. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने हे रूप बदलायला सांगितलं. २०१९ पासून राष्ट्रीय स्वागतात फक्त धुराड्यातली काजळी गालांना लागलेले पीट दिसतात. तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे आधी या प्रथेची पाठराखण करायचे; २०२० मध्ये त्यांनीही आपलं मत बदलल्याचं सांगितलं.

तेव्हा विहीणबाईंच्या हातातलं पुस्तक त्यांच्या लहानपणीचं आहे आणि त्यांनी ते प्रेमाने आणलंय. अमेरिकेत मात्र चेहरा काळा रंगवण्याला गुलामगिरीच्या आणि नाटक कंपन्यांतल्या टवाळीच्या इतिहासाचा संदर्भ आहे. त्या चित्राचा शाळेत किंवा शेजारी काय अर्थ लागेल, हे तुमच्या मुलीला नेमकं कळतं. इथे मध्यम मार्ग नाही, माझ्या मते नसावाही. काजळीवाला पीट ठेवा. तो धुराड्यातून उतरतो म्हणून गालाला काजळी. मुलांना एवढं पुरतं, आणि खुद्द नेदरलँड्समधल्या आजच्या मुलांनाही टीव्हीवर हाच पीट दिसतो, त्यामुळे जावयाने काही गमावलं असं होत नाही. हे विहीणबाईंना सांगायचं काम जावयाचं आहे, सुनेचं नाही आणि तुमचं तर मुळीच नाही. डचमध्ये सांगावं, ऑक्टोबरमध्ये सांगावं, त्यांचं तिकीट काढण्यापूर्वी. सोबत एक काम द्यावं: काजळीवाल्या पीटचं नवं पुस्तक त्यांनीच निवडून आणावं. आजीकडून पुस्तक काढून घेतलं तर तिच्या हातात दुसरं द्यायला हवं.

धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे: हे दोन वेगळे गृहस्थ आहेत. एक बिशपची उंच टोपी घालतो, घोड्यावर बसतो, मोठ्या वहीत नोंदी ठेवतो. दुसरा उत्तर ध्रुवावर राहतो आणि रेनडिअरच्या गाडीतून येतो. मोठीला थोडा इतिहास सांगता येईल. सिंटच्या मागे मायराचा चौथ्या शतकातला बिशप निकोलस आहे. ते ठिकाण आजच्या तुर्कस्तानात येतं. न्यूयॉर्कमधल्या डच वसाहतवाल्यांनी सिंट अमेरिकेत आणला आणि त्याचा सांता झाला, अशी गोष्ट सर्रास सांगतात. नाव तिथूनच आलं, पण सलग चालत आलेल्या प्रथेचे पुरावे अगदी तुटपुंजे आहेत. डचांची ती वसाहत १६६४ मध्येच इंग्रजांकडे गेली होती. संत निकोलसला मोठं केलं ते एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्ककरांनी: १८०९ मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंगने शहराच्या विनोदी इतिहासात त्याला आणलं, १८१० मध्ये जॉन पिंटार्डने ६ डिसेंबरला तिथल्या इतिहास मंडळाची मेजवानी घडवली, १८२३ मध्ये ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात आठ रेनडिअरची निनावी कविता छापून आली आणि १८६३ पासून टॉमस नास्टने चित्रांतून त्याला गोलमटोल केलं. म्हणजे सांतासुद्धा दोन संस्कृतींच्या सरमिसळीतूनच घडलाय. तरी एकाच घरात दोघांना एक करू नका असंच मी म्हणेन. एक केलं की सिंटच हरतो, कारण सांता दुकानांत, शाळेत, टीव्हीवर सगळीकडे आहे आणि सिंटला अमेरिकेत तुमच्या घराशिवाय फारसा आधार नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही माझ्या मते इथेच आहे. डच मुलं मोठी होऊन सिंटचं गुपित कळलं की सण संपत नाही, त्याचं रूप बदलतं. घरातले सगळे चिठ्ठ्या टाकतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याच्यासाठी एक लहानशी भेट घ्यायची, ती हाताने बनवलेल्या एखाद्या गमतीदार वस्तूत लपवायची आणि सोबत यमकातली कविता लिहायची. कविता सिंटच्या नावाने. त्या माणसाच्या वर्षभरातल्या खोड्या, सवयी, फजित्या त्यात प्रेमाने गुंफायच्या. भेट उघडण्यापूर्वी ज्याची त्याने ती मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी हसायचं. कोणी लिहिली हे सांगायचं नाही. डच माणूस एरवी फार कौतुक बोलून दाखवत नाही. वर्षभराचं लक्ष, जिव्हाळा आणि तक्रार त्या एका संध्याकाळी कागदावर उतरते. मी पाहिलेल्या कुटुंबांत अमेरिकी जोडीदाराला सर्वांत जास्त भावलेला डच रिवाज हाच.

आणि ताई, हे तुम्हाला शिकवायला नको. चारचौघांत, यमकात, नाव गुंफून, थोडं चिमटा काढणारं बोलायचं म्हणजे आपला उखाणाच. तुमची कविता मराठीतच लिहा, मुलगी अर्थ सांगेल. समजा, चिठ्ठी तुमच्या यजमानांच्या नावाची निघाली आणि भेट म्हणून किल्ल्या ठेवायची डबी घेतली, तर अशी:

सिंटच्या लाल वहीमध्ये लिहिलंय पान भरून,
आबा रोज किल्ल्या शोधतात डोक्याला हात धरून.
म्हणून यंदा सिंटने दिली छोटी लाल पेटी,
किल्लीच्या अन् आबांच्या होवोत रोज भेटी!

विहीणबाई डचमध्ये लिहितील, मुलगी इंग्रजीत. तीन भाषा झाल्या तरी संध्याकाळ एकच राहते. चिठ्ठ्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर टाका. सगळे जमलेले असतात आणि लिहायला निदान आठवडा मिळतो. दोन सण एकमेकांत गुंतवायची माझ्या माहितीतली सर्वांत उत्तम जागा तीच.

थँक्सगिव्हिंगबद्दल जावयाला परकेपणा वाटतो असं तुम्ही लिहिलंय. त्याला लायडन या डच शहराची आठवण द्या. थँक्सगिव्हिंगचा उगम ज्यांच्याशी जोडतात, जे इंग्रज धर्मपंथी पुढे मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेले, त्यांच्यातले बरेच १६०९ पासून लायडनला राहत होते. १६२० मध्ये त्यांतले काही डेल्फ्सहाफनहून निघाले. त्यांचे धर्मगुरू जॉन रॉबिन्सन मागेच राहिले, १६२५ मध्ये वारले आणि तिथल्या पीटर्सकर्कमध्ये त्यांना पुरलं. त्याच चर्चमध्ये आजही नेदरलँड्समधले अमेरिकी लोक थँक्सगिव्हिंगची प्रार्थना करतात. शिवाय लायडन शहर दर वर्षी ३ ऑक्टोबरला १५७४ मध्ये स्पॅनिश वेढा उठल्याचा दिवस साजरा करतं: हेरिंग मासा, पांढरा पाव आणि हुत्स्पॉट. थँक्सगिव्हिंगची कल्पना त्या धर्मपंथीयांनी तिथूनच उचलली असं काही जण मानतात. तो तर्क आहे, मुलांना खात्रीची गोष्ट म्हणून सांगू नये. पण टर्कीच्या शेजारी हुत्स्पॉटचं भांडं ठेवायला कारण पुरेसं आहे. बटाटे, गाजरं, कांदे एकत्र उकडून लोण्यात कुस्करायचे. शाकाहारी पाहुण्यांचीही सोय होते.

ग्रँड रॅपिड्सच्या आसपास डच नावं, डच चर्चं, डच बेकऱ्या आहेत आणि तरी जावयाला तिथे घरच्यासारखं वाटत नाही, याचं आश्चर्य नको. हॉलंड गाव १८४७ मध्ये आल्बर्टस फान राल्टे या धर्मगुरूंच्या मागे आलेल्या लोकांनी वसवलं. आयोवातलं पेला त्याच वर्षी हेंड्रिक स्खोल्टेंनी. ही माणसं १८३४ मध्ये डच राज्याच्या चर्चपासून फुटलेली, कडक कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंट. संतांच्या सणांकडे ती संशयानेच बघत. त्यांचा ओढा प्रार्थनेकडे, स्तोत्रांकडे. लाकडी बुटांचे नाच आणि रस्ते धुण्याचा कार्यक्रम असलेला मे महिन्यातला ट्युलिप उत्सव नंतरचा, १९२९ च्या सुमाराचा. उट्रेख्तच्या तरुणाला ते स्वतःच्या देशाचं जुनं छायाचित्र वाटणं साहजिक आहे. पण त्या लोकांनी पावणेदोनशे वर्षं काही जपलंय, आणि मुलींची शाळा, मैत्रिणी तिथल्याच आहेत. दोघींना ट्युलिप उत्सवात जरूर न्या. आणि २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, नारिंगी कपडे घालून अंगणात जुनी खेळणी विकायला बसवा. डच मुलं त्या दिवशी नेमकं हेच करतात आणि शेजाऱ्यांना तो गराज सेल वाटेल.

खाण्यातही हे दोन थर दिसतात. नेदरलँड्समध्ये सिंटचं अक्षर बहुतेकदा चॉकलेटचं, ज्याच्या-त्याच्या नावाचं. पेलाला डच लेटर म्हणजे बदामाचं सारण भरलेली, एस आकाराची खुसखुशीत पेस्ट्री. मिशिगनमध्ये तेच सारण लांब कांडीत भरून बांकेट म्हणून ख्रिसमसला करतात. सारणाचं प्रमाण सोपं: सोललेले बदाम आणि साखर समसमान वजनाने, बांधायला अंडं, थोडी लिंबाची साल. चॉकलेटचं अक्षर पाच तारखेला आणि बांकेट पंचवीसला करा, म्हणजे जावयाचा देश आणि मुलींचं राज्य दोन्ही ताटात येतील.

मुलींबरोबर करायला मात्र क्राउडनोटन सर्वांत सोपे. २५० ग्रॅम सेल्फ-रायझिंग पीठ, १२५ ग्रॅम लोणी, १२५ ग्रॅम गडद ब्राउन शुगर, दोन चमचे स्पेक्युलास मसाला, लागेल तसं दोन-तीन मोठे चमचे दूध. अमेरिकेतल्या या पिठात मीठ असतंच, वेगळं घालू नका. सुपारीएवढ्या गोळ्या करून किंचित दाबायच्या आणि १७५ सेल्सिअसवर, म्हणजे साधारण ३५० फॅरनहाइटवर, पंधरा मिनिटं भाजायच्या. मसाल्यात दालचिनी जास्त, बाकी लवंग, जायफळ, सुंठ, वेलची, पांढरी मिरी थोडीथोडी. तो तुमच्या डब्यातूनच कुटा. सतराव्या शतकात याच मालाच्या व्यापारासाठी डच कंपनी आशियाभर फिरत होती आणि आपल्या वेंगुर्ल्यालाही तिची वखार होती; पडकी इमारत अजून उभी आहे. मोठीला नकाशावर दाखवा.

डिसेंबरच्या उरलेल्या दिवसांत फारशी ओढाताण नसते. २६ तारीख डच लोकांचा दुसरा ख्रिसमस, सुट्टीचा दिवस, अमेरिकेत नाही. त्या रात्री टेबलावर छोट्या तव्यांची शेगडी ठेवून ज्याने त्याने आपापलं भाजायचं, याला ते गुर्मेटन म्हणतात. ३१ तारखेला ओलीबोलन: यीस्ट घालून फुगवलेल्या, मनुका मिसळलेल्या पिठाचे गोळे तेलात तळून वर पिठीसाखर. तेल १८० सेल्सिअसच्या आसपास हवं, थंड तेलात ते तेलकट होतात. तळणाची सूत्रं तुम्ही घ्या.

शेवटी मोठीबद्दल. सात-आठ वर्षं हे वय गुपित फुटण्याचंच. घरात भेटी देणारे दोन असले की एकावरचा विश्वास उडाला की दुसऱ्यावरचाही लगेच डळमळतो, त्यामुळे तिने एकाबद्दल विचारलं तर दोघांबद्दल उत्तर द्यायची तयारी ठेवा. थेट विचारलं तर खोटं बोलू नका. हो म्हणा आणि त्याच संध्याकाळी तिला कामाला लावा: धाकटीच्या क्लोम्पमधलं गाजर रात्री कोणी काढायचं, त्यात संत्रं कोणी ठेवायचं, हे आता तिचं. यंदा चिठ्ठ्यांत तिचंही नाव घाला आणि पहिली कविता लिहिताना तिच्याजवळ बसा, यमक अडलं तर सुचवायला.